जिना उतरताना एका पायरीच्या दोन होतात

जिन्यावरून

दोन महिने झाले, जिना उतरताना कठडा धरावा लागतोय. वय ४४, गुडघे ठणठणीत. भानगड अशी की खाली बघितलं की पायरीची कड दोनदा दिसते. एक खरी आणि तिच्या जरा खाली तिचं भूत. चढताना काही त्रास नाही, समोर बघताना नाही. वाचताना संध्याकाळपर्यंत ओळी एकमेकींवर चढायला लागतात. कुठलाही एक डोळा झाकला की भूत गायब. आणि मान डाव्या खांद्याकडे कलती केली तरी गायब! हे मला अपघातानेच कळलं, फोन खांद्यात धरून जिना उतरत होतो तेव्हा.

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेलो. नंबर तोच निघाला. डॉक्टरांनी बोट हवेत फिरवलं, मी डोळ्यांनी पाठलाग केला. मग माझी मान धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती केली आणि विचारलं, "लहानपणचे फोटो आहेत का घरी? पुढच्या वेळी घेऊन या."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण घरी जाऊन आल्बम काढला आणि पाचव्या मिनिटाला गार पडलो. पहिलीतला वर्गाचा फोटो, मान डावीकडे. सायकलवरचा फोटो, मान डावीकडे. कॉलेजात चार मित्रांबरोबरचा, तिघं सरळ, मी डावीकडे. घरात सगळे म्हणायचे "याची स्टाइलच आहे तशी". ओळखपत्राचा फोटो काढताना दर वेळी फोटोग्राफर येऊन दोन बोटांनी माझी हनुवटी सरळ करायचा, तेही आत्ता आठवलं.

निदान: उजव्या डोळ्याची चौथी नस (मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक असतात, त्यातली चौथी) जन्मापासूनच कमजोर. चाळीस वर्षं मेंदू आणि मान मिळून सांभाळून घेत होते, आता ते दमले.

त्यानंतर मी जे वाचत सुटलोय ते इथे थोडक्यात टाकतो, चुकलं तर सुधारा. डोळा फिरवायला प्रत्येकी सहा स्नायू. चार सरळ (वर, खाली, नाकाकडे, कानाकडे) आणि दोन तिरपे. चारही सरळ स्नायू खोबणीच्या अगदी मागच्या टोकाला एका तंतुमय कड्यातून निघतात आणि पुढे येऊन बुबुळाच्या कडेपासून साडेपाच ते पावणेआठ मिलिमीटरवर डोळ्याला चिकटतात. त्या कड्याला झिनचं कडं म्हणतात. (अवांतर: हा झिन अठराव्या शतकातला जर्मन शरीरशास्त्रज्ञ आणि वनस्पतीशास्त्रज्ञही. बागेतलं झिनिया हे फूल त्याच्याच नावाचं.)

या सहा स्नायूंना तीन नसा. सहावी फक्त कानाकडच्या सरळ स्नायूला. चौथी फक्त वरच्या तिरप्याला. उरलेले चार आणि वरची पापणी उचलणारा स्नायू तिसरीकडे. ही वाटणी कुठल्या हिशेबाने झाली देव जाणे. एका नसेवर पाच जणांचा भार आणि दोघींना एकेकच पोर.

माझा जो बिघडलाय तो वरचा तिरपा, आणि तो सगळ्यांत विचित्र. निघतो मागून, चार सरळ स्नायूंसारखाच. पण डोळ्याकडे सरळ येतच नाही. खोबणीच्या वरच्या नाकाकडच्या कोपऱ्यात कूर्चेची छोटीशी कप्पी आहे, तिच्यातून त्याची दोरी जाते, तिथे उलट वळते आणि मागे-बाहेर येऊन डोळ्याच्या माथ्यावर चिकटते. विहिरीच्या रहाटासारखं. चौथ्या नसेचं लॅटिन नावसुद्धा कप्पीवरूनच पडलंय, ट्रॉक्लियर.

आता प्रश्न. वाचलं त्यात सगळीकडे लिहिलंय की हा स्नायू डोळा 'खाली आणि बाहेर' नेतो. पण डॉक्टरांनी तो तपासताना मला आधी नाकाकडे आणि मग खाली बघायला सांगितलं. बाहेर नेणाऱ्याला आत नेऊन का तपासायचं? डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही, बाहेर वीस माणसं बसली होती.

---

शंकासुर

फोटोंचा किस्सा भारी. माझी मूळ शंका अजून आधीची. वर-खाली-डावं-उजवं एवढंच करायचं तर चार दोऱ्या पुरेत की. दोन जास्तीच्या कशाला?

---

दोरखंड

मी डॉक्टर नाही, यंत्रांमधला माणूस. पण हा प्रश्न मुळात दोरी आणि कोनाचा आहे म्हणून लिहितो.

सगळा घोळ खोबणीच्या दिशेमुळे. आपली नजर समोर जाते, पण डोळ्यांच्या खोबणी नाकाच्या मागे एकमेकींजवळ येणाऱ्या दोन फनेलसारख्या आहेत. प्रत्येक फनेलचा अक्ष नजरेच्या रेषेशी साधारण २३ अंशांनी बाहेर झुकलेला. त्यामुळे 'वरचा सरळ' म्हणवणारा स्नायूसुद्धा डोळ्याला सरळ वर ओढू शकत नाही. वर ओढताना तो थोडा नाकाकडेही खेचतो आणि थोडा पिळतोही. नावापुरताच सरळ. खालच्याचंही तेच. तेव्हा चार दोऱ्यांवर भागवलंत तर वर-खाली बघताना डोळा दर वेळी चाकासारखा गरगर पिळत जाईल. ती पिळवट खोडायला तिरपे दोन लागतात. शंकासुर, हे तुम्हाला.

आता जिन्यावरून यांचा प्रश्न. रबरी चेंडू घ्या, पुढे पेनने बुबुळ काढा. उजवा डोळा समजा. माथ्यावर, पण मध्याच्या मागे आणि जरा बाहेरच्या बाजूला टाचणी खोचा, तिला दोरा बांधा. दोऱ्याचं टोक पुढे, नाकाच्या बाजूला, जरा वर धरा. तुमचा हात म्हणजे कप्पी.

बुबुळ समोर ठेवून दोरा ओढा. एकदम तीन गोष्टी होतील. मागचा भाग वर-पुढे येतो म्हणून बुबुळ खाली जातं. मागचा भाग नाकाकडे सरकतो म्हणून बुबुळ बाहेर जातं. आणि माथा नाकाकडे कलतो, म्हणजे चेंडू आतल्या अंगाला पिळतो. 'खाली आणि बाहेर' हे इथून आलं, आणि ते खोटं नाही.

आता चेंडू नाकाकडे वळवा, पन्नासेक अंश. बुबुळ कप्पीकडे तोंड करून आलं. दोरा आता बरोबर नजरेच्या रेषेत. ओढा. फक्त खाली जाईल, बाकी काही नाही. उलट चेंडू बाहेर वळवून ओढलात तर दोरा नजरेला आडवा पडतो, नुसती पिळवट मिळते.

म्हणजे एकच दोरी, एकच ओढ, पण डोळा आधी कुठे बघतोय त्यावर काम बदलतं. आणि डोळा नाकाकडे असताना खालच्या सरळ स्नायूची दोरी आडवी पडलेली असते, त्याला खाली ओढायला जोरच मिळत नाही. त्या कोपऱ्यात डोळा खाली नेणारा वरचा तिरपा एकटाच उरतो. डॉक्टर स्नायूला तिथे तपासतात जिथे त्याच्या मदतीला दुसरं कोणी येऊ शकत नाही. मशीन तपासतानाही आम्ही हेच करतो, एकेक आधार काढून बघतो कोण लंगडतंय ते.

---

शंकासुर

चेंडू, टाचणी, दोरा, सगळं केलं. टाचणी बोटात गेली. पण पटलं.

---

भिंगरी

दोरखंड, हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा अर्धा तास लागतो आणि तरी चेहरे कोरेच राहतात. उद्यापासून चेंडू नेणार.

मी ऑर्थोप्टिस्ट. तिरळेपणा आणि दोन दिसणं मोजणं हाच दिवसभराचा उद्योग. जिन्यावरून, तुमच्या मानेचं गणित सांगते.

उजव्या खांद्याकडे मान कलती केली की उजव्या डोळ्याला आतल्या अंगाला पिळावं लागतं, म्हणजे चित्र फार कलत नाही. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाकडून तसा हुकूम येतो. आत पिळणारे स्नायू दोन: वरचा तिरपा आणि वरचा सरळ. एरवी यातला एक स्नायू डोळा खाली ओढतो, दुसरा वर, त्यामुळे वर-खालीची ओढाताण फिटते आणि फक्त पिळवट उरते. तुमचा तिरपा कामावरच येत नाही. मग सरळवाला एकटा जोर लावतो आणि पिळता पिळता डोळा वर घेऊन जातो. म्हणून उजवीकडे कलल्यावर दोन चित्रांतलं अंतर वाढतं. डावीकडे कललं की उजव्या डोळ्याला ती पिळवट करावीच लागत नाही, तिरप्याला सुट्टी. तुम्ही पहिलीत असतानाच हे शोधून काढलंत. डॉक्टरांनी मान धरून केली ती चाचणी बिएलशॉव्स्कीच्या नावाने ओळखली जाते.

फोटो मागण्यामागे कारण आहे. चौथी नस फार बारीक, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांत सगळ्यांत बारीक. मेंदूच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारीही ती एकटीच, आणि तिथेच बाजू बदलते, म्हणजे उजव्या डोळ्याची नस डाव्या केंद्रातून येते. मागून निघून मेंदूला वळसा घालत पुढे यायचं, त्यामुळे डोक्याला मार बसला की ती सहज दुखावते. तेव्हा हे नवीन आहे की जुनं, हे ठरवणं महत्त्वाचं. आल्बममध्ये मान वाकडी असेल तर आमचा जीव भांड्यात पडतो.

दुसरा पुरावा प्रिझमच्या पट्टीवर मिळतो. साध्या माणसाच्या दोन डोळ्यांपुढची चित्रं वर-खाली दोन-तीन प्रिझम डायॉप्टरने (प्रिझमने चित्र किती सरकतं त्याचं माप) सरकवली की त्याला लगेच दोन दिसायला लागतात. जन्मापासून सवय असलेली माणसं दहा-पंधरासुद्धा जुळवून घेतात. तुमचं किती आलं होतं?

---

जिन्यावरून

कागदावर १४ लिहिलंय! मला वाटलं तो माझा क्रमांक आहे रांगेतला.

दोरखंड, भिंगरी, दोघांना दंडवत. एक राहिलं. बिघडलाय एक डोळा, मग डॉक्टर सारखं 'दोन्ही डोळ्यांची जोडी' असं का म्हणत होते?

---

भिंगरी

कारण मेंदू डोळ्यांना वेगवेगळे हुकूम देतच नाही. डावीकडे बघायचं म्हणजे डावा डोळा कानाकडे आणि उजवा नाकाकडे. दोन वेगळे स्नायू, दोन वेगळ्या नसा (सहावी आणि तिसरी), पण आवाज एकच. सहाव्या नसेच्या केंद्रातून एक तार मध्यरेषा ओलांडून वर, पलीकडच्या तिसऱ्या नसेच्या केंद्राला जाते. बैलगाडीचं जू समजा. दोन्ही बैलांना हुकूम एकाच मापाचा, हा हेरिंगचा नियम, एकोणिसाव्या शतकातला. आणि एक स्नायू आवळला की त्याच डोळ्याचा समोरचा तेवढाच सैल सुटतो, हा शेरिंग्टनचा. शेरिंग्टन म्हणजे १९३२ च्या नोबेलमधले.

आता गंमत बघा. लंगड्या बैलाने गाडी ओढायची ठरवली, म्हणजे रुग्ण कमजोर डोळ्याने बघायला लागला, तर मेंदू जोरात ओरडतो. ती ओरड धडधाकट डोळ्यालाही तेवढीच ऐकू जाते आणि तो पार पुढे निघून जातो. मग बघणाऱ्याला वाटतं चांगला डोळाच तिरळा आहे. नवशिक्यांची इथे हमखास फसगत होते. माझीही झाली आहे, आणि ती सगळ्या विभागासमोर.

मधली ती तार तुटली तर वेगळीच तऱ्हा. बाजूला बघताना एक डोळा नाकाकडे येतच नाही, पण जवळचं बघायला दोन्ही आत वळवले तर तोच डोळा बिनतक्रार येतो. स्नायू चांगला, नस चांगली, फक्त निरोप पोचत नाही. तरुण माणसात हे दिसलं की मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मेंदूतल्या तारांचं आवरण खराब होण्याचा आजार) विचार करावा लागतो, उतारवयात बहुतेक वेळा मेंदूतला छोटा झटका असतो.

---

सरळरेषा

माझी सहावी गेली होती. मधुमेह आहे. रात्री गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला चार दिवे, आडव्या ओळीत. हातातला फोन मात्र एकच. लांबचं बघायला डोळा बाहेर जायचा तो जातच नव्हता. अडीच महिन्यांनी आपसूक भरून आलं. तोवर चष्म्याच्या एका काचेला चिकटपट्टी लावून हिंडलो. गाडी सोडलीच होती.

---

रानपाखरू

हा धागा हसत-खेळत चाललाय, चांगलंय, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबांची एका सकाळी उजवी पापणी खाली आली. झोप नीट झाली नसेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. दुपारी मी बोटाने पापणी उचलली तर डोळा खाली-बाहेर लागलेला, आणि बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या दुप्पट मोठी. टॉर्च मारला तरी लहान होईना. डोकं दुखतंय असं ते आदल्या दिवसापासून म्हणत होते. दवाखान्यात तरुण डॉक्टरने बाहुली बघितली आणि त्याचा चेहराच बदलला. लगेच स्कॅन. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो तिसऱ्या नसेवर टेकला होता. फुटायच्या आत बंद केला. बाबा आज व्यवस्थित आहेत, पापणी किंचित खाली असते एवढंच.

डॉक्टरने नंतर समजावलं ते लक्षात ठेवलंय. बाहुली लहान करणारे तंतू तिसऱ्या नसेच्या बाहेरच्या सालीवरून जातात. बाहेरून दाब आला की आधी तेच चेपतात. मधुमेहात नसेचा आतला गाभा उपाशी पडतो, म्हणून तिथे बहुधा डोळा अडकतो पण बाहुली शाबूत राहते. पापणी खाली, डोळा बाहेर आणि बाहुली मोठी असं एकत्र दिसलं तर घरी थांबायचं नाही.

---

भिंगरी

+१. आणि बाहुली चांगली दिसते म्हणून निर्धास्त राहून घरीच बसायचं, असंही नाही. अचानक दोन दिसायला लागलं की दाखवायचंच. घरी फक्त एवढं बघा: एक डोळा झाकल्यावर दोनाचं एक होतं का. झालं तर डोळ्यांची जोडी बिघडलीय, म्हणजे स्नायू-नसांकडे बघावं लागेल. एकाच डोळ्याने सुद्धा दोन दिसत असतील तर बहुतेक काचेचा, भिंगाचा किंवा कोरडेपणाचा मामला असतो, तो एवढा घाईचा नसतो.

---

झोपाळू_घुबड

मी रात्री तीनला धागा वाचत आरशासमोर उभा आहे. डाव्या डोळ्याकडे बघतो, मग उजव्या. परत डाव्या. माझे डोळे हलताना मला दिसतच नाहीत!! शेजारी रूममेटला उठवून उभं केलं, तो म्हणतो हलतायत की टकाटक. (पुढे तो जे म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही.)

---

दोरखंड

घुबडराव, ती उडी सेकंदाला कित्येकशे अंशांच्या वेगाने होते, आणि ती चालू असताना मेंदू चित्राचा आवाज बारीक करून ठेवतो. नाहीतर दिवसभर जग फरफटत गेल्यासारखं दिसलं असतं. सेकंदाला तीनेक उड्या आपण मारतच असतो. तुम्ही ही ओळ वाचताना डोळा घरंगळत जात नाहीये, टप्पे घेत जातोय. कारण अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार चिमुकला आहे, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा. बाकीचं सगळं अंधुक, तिथे उडी मारून नख नेऊन ठेवायचं.

दुसरा प्रयोग करा, रूममेटला न उठवता. फोन डोळ्यांपुढे धरून वेगाने डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येणार नाहीत. आता फोन स्थिर आणि तितक्याच वेगाने डोकं 'नाही नाही' हलवा. आरामात वाचता येईल. डोकं हललं की कानातून थेट डोळ्यांच्या नसांना निरोप जातो, मध्ये जेमतेम तीन चेतापेशींची साखळी, आणि दहा मिलिसेकंदांच्या आसपास डोळा उलट दिशेला फिरलेला असतो. फोन हलतो तेव्हा मात्र आधी डोळ्याने बघून, मेंदूने हिशेब करून मग पाठलाग, त्याला दहापट वेळ लागतो.

---

झोपाळू_घुबड

केलं. चक्कर आली. झोपतो.

जाता जाता माझ्या नावाला जागतो: घुबडाचे डोळे गोल नसून नळीसारखे असतात, खोबणीत जवळजवळ घट्ट बसलेले. म्हणून ते बिचारं मान २७० अंशांपर्यंत फिरवतं. जिन्यावरून यांनीही तेच केलं, कमी अंशांत.

---

भूलथाप

नावावरून ओळखलं असेल, भूलतज्ज्ञ आहे. डोळ्याच्या स्नायूंची आमच्या बाजूची गोष्ट सांगतो, ती डोळ्याच्या पुस्तकात एका ओळीत असते.

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत सर्जन डोळ्याच्या आत शिरतच नाही. पांढऱ्यावरचा पातळ पडदा उघडतो, स्नायू आकड्यावर उचलून घेतो, सोडवतो आणि चार-पाच मिलिमीटर मागे नेऊन शिवतो, किंवा आखूड करतो. बहुतेक रुग्ण मुलं. आकडा लागला आणि सर्जनने नाकाकडचा स्नायू ओढला की माझ्या मॉनिटरची टिकटिक एकदम ढेपाळते. ११० चालू असलेलं हृदय ६० वर, कधी दोन-तीन ठोके गायबच. मी फक्त "सोडा" म्हणतो. सर्जन हात सैल सोडतो आणि टिकटिक परत येते. आमच्यात याउपर काही बोलणं होत नाही.

डोळ्याची ओढ पाचव्या नसेवाटे मेंदूत जाते आणि तिथून व्हेगस नसेवाटे (मेंदूतून हृदयाकडे जाणारी दहावी नस) हृदयाला लगाम बसतो. १९०८ मध्ये हे नोंदवलं गेलं. याचा शरीराला काय उपयोग, याचं मला पटेलसं उत्तर कोणी दिलेलं नाही. पण त्याचा एक धडा आहे. मुलाला डोळ्याजवळ चेंडू लागला, डोळा वरून शांत, पांढराशुभ्र, पण पोर मलूल, उलट्या करतंय, नाडी मंद आणि वर बघता येत नाही. लोकांना वाटतं मेंदूला मार लागला. कधी कधी खोबणीच्या पातळ तळाला तडा जाऊन खालचा स्नायू त्या फटीत चिमटलेला असतो. तो लवकर सोडवावा लागतो.

---

शंकासुर

सगळं ऐकलं. आता वादाचं बोलतो. इतके स्नायू आहेत, तर व्यायाम करून चष्मा का जाऊ नये? दंड-बैठकांनी दंड सुधारतात. आमच्या ग्रुपवर रोज व्हिडिओ येतात, डोळे गोल फिरवा, सहा महिन्यांत नंबर शून्य.

---

भिंगरी

आलंच हे! वाटच बघत होते.

नंबर ठरतो डोळ्याच्या लांबीवर, बुबुळाच्या वाकावर आणि आतल्या भिंगावर. हे सहा स्नायू डोळा फिरवतात, त्याची लांबी बदलत नाहीत. १९२० च्या सुमाराला बेट्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने म्हटलं होतं की बाहेरचे स्नायू डोळा दाबून लांबट करतात म्हणून चष्मा लागतो. ते तेव्हाही चूक होतं, आजही आहे. जवळचं बघायला फुगतं ते भिंग, आणि ते आतल्या वेगळ्या स्नायूचं काम.

शिवाय हे स्नायू कमजोर नसतातच, शंकासुर. दिवसभर सेकंदाला तीन उड्या मारणाऱ्याला अजून कसले दंड काढायला लावताय? पिंडरीच्या स्नायूत एक चेतापेशी हजारभर तंतूंना एकदम ओढते, डोळ्यात एकीच्या वाट्याला जेमतेम दहाएक. तिथे काम ताकदीचं नाही, नेमकेपणाचं आहे.

व्यायामाचा खरा उपयोग एका ठिकाणी नक्की दिसलाय: जवळचं वाचताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत अशा मुलांमध्ये. तिथे आम्ही स्वतः करून घेतो आणि फरक पडतो. चष्म्याचा नंबर तोच राहतो.

---

शंकासुर

मानलं. ग्रुपवर टाकतो, मला काढून टाकतील.

आणि डावी पापणी आठवडाभर फडफडतेय, ती यातलीच कुठली दोरी?

---

भिंगरी

यातली नाहीच. पापणी मिटणारा गोल स्नायू वेगळा, त्याची नस सातवी, चेहऱ्याची. झोप आणि चहा-कॉफीचं बघा, बहुधा आपोआप थांबते. गाल, ओठही सोबत ओढले जात असतील तर मात्र दाखवा.

पापणीवरून आठवलं. सुरकुत्या घालवायला टोचतात ते बोटॉक्स मुळात या सहा स्नायूंसाठी आलं. अ‍ॅलन स्कॉट या सॅन फ्रान्सिस्कोच्या नेत्रतज्ज्ञाला तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी काही हवं होतं, ओढणारा स्नायू तात्पुरता लुळा करायचा. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या गच्च आवळण्याच्या विकारासाठी. सुरकुत्या नंतर आल्या आणि सगळं श्रेय घेऊन गेल्या.

---

जिन्यावरून

चार महिन्यांनी वर काढतोय.

आधी प्रिझमचा चष्मा दिला. समोरचं जुळलं, जिन्यावर थोडं भूत राहिलंच, कारण खाली बघताना फरक वेगळा आणि काच एकच. शेवटी शस्त्रक्रिया झाली. मला वाटलं होतं कप्पीची दोरी घट्ट करतील. त्यांनी तिला हातच लावला नाही. त्याच डोळ्याचा खालचा तिरपा, म्हणजे धडधाकट असलेला, तो सैल केला. वरचा ओढत नाही म्हणून हा मोकाट सुटून डोळा वर लोटत होता म्हणे. दोरखंड, तुम्हाला हे आवडेल. लंगड्याला न सुधारता समोरच्याचा जोर कमी केला.

भूलथाप, मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारलं, "टिकटिक ढेपाळली तर सोडा म्हणाल ना?" ते हसले आणि मला झोपवलं.

दोन आठवडे डोळा लालबुंद होता. आता जिना कठडा न धरता उतरतो. अगदी खाली पायाशी बघितलं तर पुसटसं भूत दिसतं, पण तिथे बघायची वेळ फारशी येत नाही.

मान मात्र अजून सवयीने डावीकडे जाते. मुद्दाम सरळ ठेवायला लागलोय. परवा व्हिडिओ कॉलवर आई बराच वेळ नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "मान अवघडलीय का रे तुझी?"